टोपाच्या बुडाला काजळी का धरते? मंडळाच्या मोठ्या शेगडीचा जाळ निळा करताना

परळच्या आमच्या चाळीत गणपतीत सत्यनारायणाची पूजा असते आणि त्या दिवशी दोन-अडीचशे पानं उठतात. वरण, भात, बटाट्याची भाजी, शिरा, सगळं मागच्या चौकात मोठ्या शेगडीवर होतं. काही वर्षांपूर्वी त्या शेगडीने आमची पुरती लाज काढली. जाळ पिवळाधमक, टोपांची बुडं कोळशासारखी आणि वरणाला धुराचा वास. दुसऱ्या दिवशी भांडी घासायला बसलेल्या बायकांनी राख, काथ्या आणि चिंच संपवली आणि मग एकमताने ठराव केला: यंदा बाप्पाच्या आधी या शेगडीचं विसर्जन करा.

आम्ही सगळा दोष गॅसला दिला. बाटला बदलला, रेग्युलेटर बदलला, फरक शून्य. शेवटी बर्नर सोडवून उलटा आपटला तेव्हा त्याच्या नळीतून सुपारीएवढं मातीचं ढेकूळ पडलं. कुंभारीण माशीचं घर! वर्षभर जिन्याखाली पडून असलेल्या नळीत तिने निवांत बिऱ्हाड केलं होतं. तेव्हापासून शेगडीचं खातं माझ्याकडे आलं, आणि मी जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो आहे.

मुद्दा एकच, आणि तो क्रमाचा आहे. आधी जेट (गॅस सुटतो ते बारीक भोकाचं पितळी तोंड) आणि बर्नरची नळी साफ, मग गॅसचा दाब, आणि सगळ्यात शेवटी हवा. बहुतेक जण जाळ पिवळा दिसला की सरळ हवेची चकती, म्हणजे नळीत शिरणारी हवा कमी-जास्त करणारं झाकण, फिरवायला घेतात. तुंबलेल्या नळीवर चकती कितीही फिरवली तरी काही होत नाही. आणि दाब बदलला की आधी लावलेली हवा चुकतेच.

असेच उच्च दाबाचे बर्नर परदेशात घरी बिअर करणारे हौशी लोक वापरतात, आणि शेगडी कशी लावावी याचे बरेच व्हिडिओ त्यांचेच आहेत. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना घरी बिअर करणं हा गुन्हा आहे, तेव्हा तो भाग सोडून द्या. पण त्यांचे आकडे उचलतानाही जपून. ते बहुतेक निव्वळ प्रोपेन जाळतात. आपल्या बाटल्यात प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, आणि ब्युटेनला हवा जास्त लागते. एक लिटर प्रोपेन वायू पूर्ण जळायला सुमारे 24 लिटर हवा लागते, ब्युटेनला सुमारे 31. म्हणून त्यांची 'चकती इतकी उघडा' ही खूण आपल्या शेगडीला जशीच्या तशी लागू पडत नाही.

पिवळा जाळ म्हणजे नेमकं काय

जेटच्या बारीक भोकातून गॅस वेगाने सुटतो आणि जाता जाता आजूबाजूची हवा ओढून नळीत शिरतो. ही झाली पहिली हवा. उरलेली हवा जाळाला बर्नरच्या डोक्यावर, चहूबाजूंनी मिळते. पहिली हवा कमी पडली की गॅसमधला कार्बन अर्धवट जळतो, त्याचे कण तापून पिवळे चमकतात आणि टोपाच्या थंड बुडाला चिकटतात. तीच काजळी. तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि बंद जागेत तो जीव घेतो. पाऊस आला म्हणून शेगडी उचलून खोलीत किंवा जिन्याच्या बोळात नेण्याचा मोह कितीही झाला तरी नेऊ नका. वर पत्रा धरा, बाजू मोकळ्या ठेवा.

जागा, बाटला, नळी

हे थोडक्यात सांगतो, पण वगळण्यासारखं यात काहीच नाही. असल्या कामाला 19 किलोचा व्यावसायिक बाटला घ्यायचा. घरगुती 14.2 किलोचा लाल बाटला सार्वजनिक स्वयंपाकाला वापरायला परवानगी नाही, आणि त्याच्यावर उच्च दाबाचा रेग्युलेटर बसवणं तर धोक्याचंच. बाटला कायम उभा, शेगडीपासून किमान दीड-दोन मीटर लांब, आणि वाऱ्यासाठी लावलेल्या आडोशाच्या बाहेर. बाटल्यापासून शेगडीपर्यंतची रबरी नळी उच्च दाबासाठीची, आयएसआय खुणेची असावी. तिच्यावर छापलेली मुदत वाचा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर मुदत असली तरी बदला.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा उताराला लागतो. मुंबईत जवळजवळ प्रत्येक इमारतीच्या आवारात जमिनीखाली पाण्याची टाकी असते, शेजारी पंपाची खोली, आणि गटार तर सगळीकडेच. टाकीच्या झाकणाजवळ, गटाराच्या जाळीवर किंवा लिफ्टच्या खड्ड्याशेजारी शेगडी मांडू नका.

ज्यांच्या इमारतीत महानगर गॅसची पाइपलाइन आहे ते हमखास विचारतात, ही शेगडी त्या नळाला जोडली तर? नको. तो नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन. त्याचा दाब कमी आणि त्याला जेटचं भोक मोठं लागतं. आपल्या शेगडीवर तो कुंथत जळेल. शिवाय पाइपलाइनच्या जोडणीला स्वतः हात लावायचाच नसतो.

साफसफाई: अर्धं काम इथेच होतं

पूजेच्या किमान आठवडाभर आधी बर्नर खोला. आदल्या रात्री खोलला आणि जेट खराब निघाला तर नागदेवी स्ट्रीटची दुकानं तुमच्यासाठी उघडी नसतात.

पाना लावून जेट सोडवा. पितळेचा असतो, जोर केला तर आटे जातात. गरम पाण्यात थोडी भांड्याची पावडर घालून तासभर भिजत ठेवा, मग उजेडाकडे धरून बघा. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. अडकलं असेल तर फुंकर मारा, नाहीतर झाडूची बारीक काडी घाला. सुई, टाचणी, तार यांपैकी काही नको. रॉकेलच्या स्टोव्हची पिन आमच्या पिढीच्या हातात इतकी बसली आहे की जेट दिसला की बोटं आपोआप पिन शोधतात. पण पितळ मऊ असतं, पोलाद खरवडून भोक मोठं करतं. आणि थोडंसंच मोठं झालं तरी फरक फार पडतो: 1 मिलिमीटरचं भोक 1.2 झालं की क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी वाढतं. म्हणजे त्याच दाबाला जवळजवळ दीडपट गॅस, आणि हवा ओढून घेणारी नळी मात्र तीच. असा जेट साफ होत नाही, बदलावाच लागतो. नवा घेताना जुना सोबत न्या, आटे आणि भोकाचा आकडा जुळवून घ्या. दुकानदार 'जरा मोठा घ्या, जाळ मस्त येईल' म्हणेल, तिकडे दुर्लक्ष करा.

मग बर्नरची नळी. बाटली धुण्याचा लांब ब्रश दोन्ही टोकांकडून फिरवा. कोळ्याचं जाळं, कुंभारणीची माती, झुरळाची अंडी, सगळं निघतं. कोळ्याचं जाळं क्षुल्लक वाटतं, पण ते हवेलाही अडवतं आणि गॅसलाही भलतीकडे वळवतं.

बर्नरचं डोकं बिडाचं असतं आणि मुंबईची खारी हवा बिडाला सोडत नाही. तारेच्या ब्रशने गंज काढा, डोकं उलटं करून ठोका, म्हणजे आतली खपली गळून पडेल. ही खपली राहिली तर ऐन वेळी भोकं बुजवते आणि जाळ एका अंगाला झुकतो. भोकं एकेक करून मोकळी करा. इथे मात्र तार चालते, बीड कडक असतं. धुतलं असेल तर उन्हात पूर्ण सुकवा. श्रावण-भाद्रपदात ऊन कुठलं, तेव्हा सुक्या फडक्याने पुसून रात्रभर पंख्याखाली ठेवा.

परत जोडताना जेटचं तोंड नळीच्या बरोबर मध्यावर आणि सरळ रेषेत आहे ना ते वाकून बघा. जेट तिरका असेल तर गॅस नळीच्या एका कडेला घासत जातो, हवा नीट मिसळत नाही, आणि अर्धा जाळ निळा अर्धा पिवळा असा प्रकार होतो. आट्यांना टेप लावायची तर गॅससाठीची घ्या. नळवाल्याची पातळ पांढरी टेप पाण्यासाठी असते. कुठलीही टेप पहिला आटा सोडून गुंडाळा, नाहीतर तिचा तुकडा सुटून जेटमध्ये जाऊन बसतो.

साबणाचा फेस

शेगडीचे कॉक बंद ठेवून बाटला उघडा. वाटीत साबणाचा दाट फेस करून रेग्युलेटर, रबरी नळीची दोन्ही टोकं, कॉकची मान असं सगळीकडे ब्रशने लावा आणि मिनिटभर नजर ठेवा. बुडबुडा फुगत गेला तर तिथे गळती आहे. बाटला बंद करा, जोड घट्ट करा, पुन्हा फेस लावा. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजूनही भेटतात, त्यांना शेगडीपासून लांब बसवा. मोठी गळती झाली आणि बाटला बंद होईना, तर माणसं लांब करा, विजेच्या बटणांना हात लावू नका, आणि दूर जाऊन 1906 या गॅसगळतीच्या क्रमांकावर किंवा अग्निशमन दलाला 101 वर फोन करा.

आता जाळ लावू

ही वेळ संध्याकाळची ठेवा. भर दुपारी निळा जाळ दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्या जाळावर हात भाजतात.

हवेची चकती साधारण पाव उघडी ठेवा. आधी लांब लायटर किंवा काकडा बर्नरवर धरा, मग कॉक उघडा. उलट क्रमाने केलंत तर साचलेला गॅस भडका घेतो आणि भुवया जातात (आमच्या एका कार्यकर्त्याच्या गेल्या होत्या, विसर्जनाच्या फोटोत तो ओळखू येत नाही). दोन कड्यांची शेगडी असेल तर आधी आतली कडी.

पेटली की रेग्युलेटरने दाब ठरवा. कुठला दाब? ज्या दाबावर तुम्ही खरोखर स्वयंपाक करणार, तोच. किती लागेल याचा साधा हिशेब करता येतो. 28 अंशाचं 50 लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे 15 मेगाज्यूल उष्णता लागते. किलोभर गॅसमधून सुमारे 46 मेगाज्यूल मिळतात, पण उघड्या शेगडीवर त्यातले 40 टक्के टोपात गेले तरी पुष्कळ. म्हणजे एका उकळीला अंदाजे 800 ग्रॅम गॅस, आणि पाऊण तासात उकळायचं तर तासाला 1.1 किलो या वेगाने जाळावा लागेल. यापेक्षा फार जास्त दाब देऊन मिळतो तो आवाज, आणि ज्वाळा टोपाच्या अंगावरून वर निघून जातात. आमच्या आचाऱ्यांना तो घर्रर्र आवाज फार आवडतो. तापत असते ती टोपाची कडी.

दाब ठरला की पाच मिनिटं थांबा, बीड तापू द्या. मग चकती हळूहळू उघडा. आधी लांब, मऊ, पिवळ्या टोकांचा जाळ दिसेल. हवा वाढेल तसा तो आखूड होईल, पिवळी टोकं जातील आणि प्रत्येक भोकावर गडद निळा, टोकदार सुळका उभा राहील, त्याभोवती फिकट निळी झाक. इथे थांबू नका, अजून थोडं उघडा. जाळ भोकांवरून उचलल्यासारखा होईल, फडफडेल, फुसफुस आवाज येईल. ही झाली दुसरी हद्द. आता चकती मागे फिरवत या, जाळ पुन्हा भोकांवर बसेपर्यंत, आणि मग केसभर आणखी. तिथे स्क्रू आवळा. आवळताना चकती सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघा.

एक गोष्ट मुंबईकरांसाठी खास. निळ्या जाळात मधूनच नारिंगी ठिणग्या किंवा नारिंगी लाट दिसली तर घाबरून चकती फिरवू नका. खाऱ्या हवेतलं मीठ, धूळ, उतू गेलेल्या वरणाचं पाणी यांतला सोडियम जळताना नारिंगी दिसतो. थोड्या वेळात जातो, काजळी धरत नाही. हवा कमी पडल्याचा पिवळा रंग वेगळा असतो. तो टोकाशी असतो, मऊ असतो आणि हलत नाही.

टोप चढवल्यावर पुन्हा बघायचं

मोकळ्या शेगडीवर सुंदर दिसणारा जाळ टोप ठेवल्यावर बिघडू शकतो, आणि इथेच बरेच जण फसतात. टोप फार खाली असेल तर निळे सुळके बुडाला टेकतात, थंड बुडावर जळणं अर्धवट राहतं, काजळी येते. सुळक्याचं टोक बुडाच्या बोटभर तरी खाली राहिलं पाहिजे, बाहेरची फिकट झाक बुडाला लागली की पुरे. कमी पडत असेल तर तिवईवर लोखंडी पट्ट्या टाकून टोप वर घ्या. लाकूड किंवा विटेचे तुकडे नकोत, 50 लिटर उकळतं पाणी कलंडण्याची गंमत कुणाला बघायची नाही.

टोप शेगडीपेक्षा बराच रुंद असेल तर जळालेल्या वायूला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि बाजूची हवाही आत येत नाही. आडोसा लावतानाही हेच. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, त्या बाजूला आणि एका शेजारच्या बाजूला पत्रा लावा, खाली चार बोटं फट ठेवा. चारही बाजूंनी कोंडलीत तर शेगडी आपलाच धूर पुन्हा ओढते आणि जाळ पिवळा होतो.

खात्रीसाठी घासलेल्या टोपात पाणी घेऊन जाळावर ठेवा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत बुडाला पाण्याचे थेंब धरतील, काही बर्नरवर पडून चुरचुरतील. टोप गळत नाहीये. किलोभर गॅस जळला की दीड किलोहून थोडं जास्तच पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं, ते थंड बुडावर जमतं. पाणी कढत झालं की ते आटतं. दहा मिनिटांनी टोप उतरवा, थोडा निवू द्या आणि बुडावरून पांढरं फडकं फिरवा. फडकं पांढरं राहिलं तर हवा बरोबर आहे. करडं झालं तर चकती अजून थोडी उघडा.

मंद जाळाची भानगड

शिऱ्याला किंवा भात मुरवायला जाळ कमी करावा लागतो, आणि उच्च दाबाच्या शेगडीची खोड इथे कळते. दाब उतरला की गॅसचा वेग उतरतो, हवा ओढण्याची ताकदही उतरते. फारच कमी केलात तर जाळ मागे सरकतो आणि नळीच्या आत, जेटपाशी जळायला लागतो. 'फट्' असा आवाज, मग घुमल्यासारखी घरघर, आणि नळी तापायला लागते. तसं झालं की कॉक लगेच बंद, नळी थंड होऊ द्या, मग पुन्हा पेटवा. आम्ही हवा मोठ्या जाळासाठी लावतो, मंद कामाला आतली एकच कडी ठेवतो, आणि शिऱ्याला वेगळी छोटी शेगडी घेतो. एकाच शेगडीवर सगळं बसवण्याच्या हट्टाने मी दोन वर्षं शिरा करपवला आहे.

दुपारपर्यंत छान चाललेला जाळ तीनच्या सुमारास पिवळा पडू लागला, तर बाटल्याला हात लावून बघा. मोठ्या शेगडीला सतत गॅस दिला की आतला द्रव उकळताना बाटला गार पडतो, बाहेरून घामेजतो, दाब उतरतो. घामाची रेघ जिथपर्यंत असते तिथपर्यंत आत द्रव आहे, ही आयती खूण. शिवाय प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाला ब्युटेन जास्त उरतो, त्याला हवा जास्त हवी. म्हणून बाटला संपत आला की जाळ पिवळा होतो, हा जुन्या गृहिणींचा अनुभव खराच आहे. अशा वेळी चकतीला हात न लावता बाटला बदला. तो आडवा करणं, हलवणं, गरम पाण्यात ठेवणं हे प्रकार कुणी सुचवले तरी करायचे नाहीत.

पूजा उरकल्यावर

शेगडी निवली की लगेच पुसा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका, सांडलेलं मिठाचं पाणी रात्रभरात बीड खातं. डोक्याला खोबरेल तेलाचा बारीक हात फिरवा. पुढच्या वर्षी पहिली दोन मिनिटं त्याचा धूर येईल, तो येऊ दे. चकती कुठे लावली होती तिथे खिळ्याने रेघ मारून ठेवा. जेट सोडवून औषधाच्या डबीत, डबीवर भोकाचा आकडा.

आणि बर्नरच्या नळीच्या दोन्ही तोंडांना जाड फडकं घट्ट बांधा. आम्ही त्याला लाल दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी लावतो, 'फडकं काढल्याशिवाय पेटवू नये'. गेल्या वर्षी जिन्याखालून शेगडी काढली तेव्हा त्या फडक्याच्या वर, बाहेरच्या बाजूला, कुंभारणीने मातीचा एक ठिपका लावून काम सोडून दिलेलं होतं.